अजून न झालेल्या ग्रहावरची मोजणी

आमच्या घरमालकांकडे तीन एकर जमीन होती. फक्त ती ज्या ग्रहावर होती, तो ग्रह अजून तयार व्हायचा होता.

हे मला खोली घेतल्यावर महिनाभराने कळलं. आधी कळलं असतं तर खोली घेतली असतीस का, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. घेतली असती. भाडं वाजवी होतं, पाण्याची कटकट नव्हती, आणि अमरावतीच्या राजापेठेतल्या ज्या क्लासमध्ये गणित शिकवायला मी अकोल्याहून आले होते तो तिथून पायी सात मिनिटांवर होता.

"सात मिन्टं नाई," घरमालक काका म्हणाले होते. "सातशे चाळीस पावलं. मिन्टं मानसागनिक बदलते. पावलंबी बदलते म्हना, पन माह्ये नाई बदलत."

खोली दाखवताना त्यांनी मला नळ दाखवला नाही, पंखा लावून दाखवला नाही. भिंतीला धरून चारी बाजूंनी एकदा चालले, मधोमध येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या भिंतीत अन समोरच्या भिंतीत चार बोटांचा फरक हाय मास्तरीनबाई. मिस्तरीनं खाल्ले. आधीच सांगून राहिलो, मांगून म्हनू नका." चार बोटांसाठी कबुलीजबाब देणारा घरमालक मी पहिल्यांदाच पाहत होते. मी लगेच हो म्हटलं.

काका निवृत्त भूकरमापक होते, म्हणजे शेतांच्या हद्दी मोजणारा सरकारी माणूस. तीसेक वर्षं त्यांनी चांदूर बाजार, नांदगाव खंडेश्वर आणि मधली सगळी गावं उन्हातान्हात पालथी घातली होती. आधी साखळी खांद्यावर टाकून, मग यंत्र डिक्कीत टाकून. आमच्या वऱ्हाडात शेताला वावर आणि त्याच्या बांधाला धुरा म्हणतात, आणि धुऱ्यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाला जायचे थांबतात. असे शेकडो धुरे काकांनी सरळ करून दिले होते. त्यांचे स्वतःचे वडील मात्र शिलाईकाम करायचे. घराण्यात कोणाच्या नावावर कधी गुंठाभरसुद्धा जमीन नव्हती.

त्यांच्या घरात डावं आणि उजवं हे शब्द नव्हते. "तो उत्तरेकडचा डबा द्या, त्याच्या पूर्वेले साखर हाय," असं ते स्वयंपाकघरात सांगायचे. पहिले काही आठवडे आपल्या चहात काय पडणार याची मला धास्ती असायची. काकूंना मात्र गाढ झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आग्नेय कुठे ते त्यांनी बोटाने दाखवलं असतं.

माणसं त्यांना चेहऱ्याने आठवायचीच नाहीत. नांदगाव खंडेश्वरला एका लग्नात मी दोघांबरोबर गेले होते. एक पांढरे कपडे घातलेले गृहस्थ धावत येऊन काकांच्या पाया पडले. काका कोरडेच. "वळखलं नाई जी," म्हणाले. गृहस्थांनी नाव सांगितलं, वडलांचं नाव सांगितलं. काही उपयोग नाही. शेवटी ते म्हणाले, "नाल्याच्या पलीकडलं वावर, साहेब." त्याबरोबर काकांनी त्यांना मिठीच मारली. "अरे बाप्पा! ईशान्येच्या कोपऱ्यात बाभूळ, अन मंधात हीर. हीर वाकडी खंदली तुमी. बाभूळ हाय का अजून?" बाभूळ होती. काकांचा चेहरा उजळला. परत येताना मला म्हणाले, "चेहरे बदलते, वावर नाई बदलत."

तर अशा माणसाने निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी, मोजणीच्या नव्या यंत्रांचे व्हिडिओ पाहता पाहता, एक जाहिरात पाहिली. परदेशातली एक कंपनी अंतराळाचा एक प्रचंड व्हिडिओ गेम बनवत होती. त्यात अंतराळयानं असणार होती, व्यापार असणार होता, लढाया असणार होत्या, आणि प्रत्यक्ष चालून पाहता येतील असे आख्खेच्या आख्खे ग्रह असणार होते. खर्च फार, म्हणून कंपनीने लोकांकडून आधीच पैसे मागितले होते. ठरावीक रकमेच्या वर देणाऱ्याच्या नावावर एका ग्रहावरची जमीन होणार होती.

काकांना ही पद्धत परकी वाटलीच नाही. ते तिला वर्गणी म्हणायचे. जगभरातल्या बाकी लोकांनी वर्गणी दिली ती लढाऊ यानांसाठी. काकांना यानात काडीचा रस नव्हता. "यान कायले पायजे?" ते म्हणायचे. "वावर हाय म्हनल्यावर तिथं एस्टी जाईनच कधी तरी."

काकूंनी गॅलरीला जाळी लावायची म्हणून ठरवून ठेवलं होतं. ती जाळी त्या वर्षी लागली नाही, आणि कबुतरं आत आली की काकू त्यांना कंपनीच्या नावाने हाका मारायच्या. मला म्हणाल्या, "लोकं रिटायर झाले का चारधाम करते. ह्याइनं वावर घेतलं. अन तेबी असं घेतलं का तिथं बकरी चराले जात नाई."

कंपनीने पहिली तारीख दिली होती ती मी राहायला येण्याच्या आधीच उलटली होती. दुसरी माझ्यासमोर उलटली. मग तारखा द्यायचंच बंद झालं आणि "लवकरच" सुरू झालं. वर्गणीदारांचा इंटरनेटवर एक कट्टा होता, तिथे लोक पिसाळले होते. कोणी पैसे परत मागत होतं, कोणी खटल्याची भाषा करत होतं. काका एकटे कंपनीच्या बाजूने उभे राहिले.

"एका वावराची हद्द कायम कराले किती येळ लागते ते मले इचारा," ते मला सांगायचे. "एक म्हातारा तं तीन खेपा ताप आला म्हनून हजर नाई राह्यला. हे लोकं आख्खा ग्रह करून राहिले, हवा-पान्यासकट. गनपतीची वर्गणी देल्ली का आपन कारखान्यात जाऊन मूर्तीचं नाक पाहातो का?"

दर शुक्रवारी कंपनी कामाची खबर देई. शनिवारी सकाळी आंघोळ-पूजा आटोपून काका शब्दकोश घेऊन बसत, खबर वाचत आणि एका लांबट रजिस्टरमध्ये तिची नोंद करत. खाली "वाचले" असं लिहून सही. कट्ट्यावर ते इंग्रजीत लिहायचे ते सुद्धा सरकारी पत्राच्या घाटात. वर विषय, मग संदर्भ, मग महोदय, शेवटी नाव, हुद्दा आणि हुद्द्यापुढे "सेवानिवृत्त". वीस-पंचवीस वर्षांची गोरी पोरं आधी हसली, मग त्यांना साहेब म्हणायला लागली.

एकदा कंपनीने त्या ग्रहावरच्या नदीचं चित्र आणि उंचसखल दाखवणारा नकाशा प्रसिद्ध केला. सगळे वाहवा करत होते. काकांनी दोन दिवस दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं आणि पत्र टाकलं : "नदी चढावर वाहत असल्याचे दिसून येते. तरी चौकशी होऊन योग्य ती दुरुस्ती व्हावी." पुढच्या शुक्रवारी कंपनीने चूक कबूल केली आणि भारतातल्या तीक्ष्ण नजरेच्या एका भूकरमापकाचे जाहीर आभार मानले. काकांनी ते काकूंना तीनदा वाचून दाखवलं. काकू तिसऱ्यांदा म्हणाल्या, "आयकलं मी. नदी उतरोली, आता पोळ्या खाऊन घ्या."

त्याच वर्षी तीक्ष्ण नजरेचे काका दारातल्या माझ्या स्कूटीला येताजाता धडकायला लागले. मी स्कूटी भिंतीला आणखी चिकटवून लावली. तरी धडकले. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून डॉक्टरांकडे गेले तर काचबिंदू निघाला, आणि बराच पुढे गेलेला.

तपासणीहून ते जवळजवळ खुशीत आले. एका पांढऱ्या पोकळ गोळ्यात तोंड घालून बसायचं आणि प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं, अशी ती तपासणी होती. ज्या गेमसाठी ते इतकी वर्षं थांबले होते तो अजून कोणी पाहिला नव्हता, त्यामुळे हा त्यांच्या आयुष्यातला पहिला व्हिडिओ गेम. "हारलो," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला. त्यावर दोन्ही डोळ्यांचा नकाशा छापलेला होता. मधे पांढरं, कडेने काळं.

"हे पांढरं ते आपलं," पेन्सिलीच्या टोकाने दाखवत ते म्हणाले. "काळं ते गेलं. गेल्लं परत भेटत नाई म्हन्ते डॉक्टर, राह्यलं ते थेंब टाकून सांभाळा. आता पाहा ह्याची चालाखी. धुऱ्याकडून खात येते. मंधात शेवटी येते. म्हनून मानसाले पत्ताच लागत नाई." तीस वर्षं अतिक्रमणं पाहिलेल्या माणसाला या चोराचं थोडं कौतुकच वाटत होतं.

दर सहा महिन्यांनी तसा एक नवा कागद येई. काका तो त्याच रजिस्टरमध्ये, कंपनीच्या खबरींशेजारी चिकटवून ठेवत. एका पानावर ग्रह थोडा पुढे सरकलेला, समोरच्या पानावर काळं थोडं आत सरकलेलं. त्यांनी दोन्हीचा वेग काढून ठेवला होता. "पाहू कोन आधी पोचते," म्हणायचे. मला त्या रजिस्टरचा भयंकर राग यायचा. पहिल्यांदा ते वाक्य ऐकून मी हसले होते, त्याची अजून लाज वाटते.

त्यांना खेळायचं नव्हतं. जगभराच्या जमिनी मोजून झाल्या होत्या, आता एकदा, एकदाच, स्वतःच्या नावावरची जमीन मोजायची होती. दिसतंय तोवर.

आणि मोजायची म्हणजे रीतसर. मधल्या काळात कंपनीने जमिनींचा कच्चा नकाशा काढला होता. चौकटी चौकटींचा, प्रत्येक तुकड्यावर मालकाचं कट्ट्यावरचं टोपणनाव. त्या नकाशावर आपली पहिली शेड कुठे बांधणार ते प्रत्येकाने कळवायचं होतं. बाकी जगाने नकाशा पाहिला आणि सोडून दिला. काकांनी मात्र लगतच्या कब्जेदारांना नोटिसा काढल्या. आपल्याकडे शेताची मोजणी असली की चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना आधी नोटीस जाते. ते हजर राहतात, त्यांच्यासमोर खुणा होतात आणि पंचनाम्यावर त्यांच्या सह्या होतात. ग्रह बदलला म्हणून ही पद्धत बदलायचं काकांना काही कारण दिसलं नाही.

पूर्वेला नदी होती. दक्षिणेला कंपनीची राखीव जागा होती, तिला ते "सरकारी पड" म्हणत. उत्तरेला पोलंडच्या एक बाई होत्या, आयुष्यभर ट्राम चालवून निवृत्त झालेल्या. त्यांनी नोटिशीचा छापील कागद चौकटीत घालून ओट्यावर लावला आणि त्याचा फोटो पाठवला. पश्चिमेच्या शेजाऱ्याचं टोपणनाव नुसतं "कॉम्प्रेसर" होतं. त्याचं उत्तर इंग्रजी अक्षरांत आलं, पण ते असं होतं : "नोटीस भेटली. पन मोजणी फी कोन भरते?"

काका खुर्चीतून उठलेच. "हा मानूस आपल्या इकडला हाय!"

विचारलं तर अकोल्याचा. फ्रिज-कूलर दुरुस्तीचं दुकान. काकांनी कपाळाला हात लावला. "इतक्या दूर वावर घेतलं मास्तरीनबाई, तरी लगतले अकोलाच आलं." मी अकोल्याची असल्याने यावर काही बोलले नाही, पण त्या महिन्याचं भाडं दोन दिवस उशिरा दिलं.

दुकानदारांना आम्ही भाईजान म्हणू लागलो, आणि पहिल्याच महिन्यात त्यांचं आणि काकांचं धुऱ्यावरून वाजलं. भाईजाननी आपल्या शेडची जागा कळवली होती ती "पश्चिमेकडून चौथी चौकट". काकांनी छापील नकाशावर मोजलं, तर ती शेड बारा पावलं त्यांच्या हद्दीत येत होती. अतिक्रमण! काकांनी लेखी हरकत घेतली. भाईजाननी फोन केला. काका फोन स्पीकरवर ठेवायचे, त्यामुळे मला जिन्यातून सगळं ऐकू यायचं.

"साब, जमीन अबी बनी बी नाई, अन तुमी धुऱ्यावून भांडून राहिले!"

"बनली नाई म्हनूनच आता सांगून राहिलो. बनल्यावर कोनी आयकत नाई."

"माह्या हिशेबानं माही शेड माह्याच वावरात हाय."

"तुमचा हिशेब गॅस भरन्याचा. हद्दीचा हिशेब माह्या."

दर महिन्याला हा फोन व्हायचा, आणि दोघांचाही त्या दिवशी मूड चांगला असायचा. मी गणित शिकवते, पण काकांची बेरीज एकदा तपासून पाहावी हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. ती सूर्य कुठे उगवतो ते तपासण्यासारखी गोष्ट वाटली असती.

एका रविवारी मी घरी अकोल्याला निघाले, तर काका पिशवी घेऊन एसटीत माझ्या शेजारी येऊन बसले. नोटीस समक्ष बजावलेली बरी, म्हणाले. भाईजानचं दुकान म्हणजे उघड्या पोटांच्या फ्रिजची रांग. साठीचे, बारीक, हाताला तेल, कानाला पेन. काकांनी नोटीस पुढे केली, त्यांनी हात पुसून पोच म्हणून सही दिली आणि दोन फ्रिजच्या मधल्या फटीतून खुर्च्या ओढल्या. मी विचारलं, तुम्ही कशी काय घेतली ही जमीन? भाईजान हसले.

"बेटा, पंचेचाळीस डिग्रीत जिंदगी गेली. कंपनी बोलली, ह्या ग्रहावर बारोमास थंडी. मैंने बोला, लिखो मेरा नाम." मग म्हणाले, "तिथं माह्या धंदा चालनार नाई, मालूम हाय मले."

चहा झाला, भांडण झालं, परत चहा झाला. उठताना काका काउंटरच्या कोपऱ्याला आपटले. भाईजाननी ते पाहिलं. ते रस्त्यापर्यंत सोडायला आले आणि सबंध वाट काकांच्या त्या बाजूने चालले. त्यानंतर त्यांच्या फोनची सुरुवात भांडणाने होत नसे. आधी थेंब टाकले का ते विचारत, मग भांडत.

"लवकरच"ची आणखी काही वर्षं गेली. काकांना आता समोरचं वाटीएवढं दिसायचं. त्या वाटीत जे येईल ते स्वच्छ, बाकी काही नाही. वाचताना ते ओळीवरून वाटी फिरवत न्यायचे. रजिस्टर चालू होतं, फक्त "वाचले"च्या ऐवजी ते आता "वाचून घेतले" असं लिहायचे, कारण वाचायची मी. आणि एका शुक्रवारच्या खबरीत मी वाचलं की जमीनधारक वर्गणीदारांना चाचणीसाठी ग्रह खुला होत आहे.

मी ओरडले. काका शांत. म्हणाले, "लगतच्यांना कळवा. रईवारी दुपारी. पोलंडात तवा सकाळ राहते."

काकांच्या कॉम्प्युटरला तो ग्रह पेलणार नव्हता. भाईजान अकोल्याहून टेम्पोने आले. टेम्पोत अमरावतीच्या एका गिऱ्हाइकाचा फ्रिज होता, आणि फ्रिजच्या आत, गोधडीत गुंडाळलेला, त्यांनी स्वतः जोडलेला मोठा कॉम्प्युटर. काकूंनी पाटवडीचा रस्सा केला होता. घरात मोजणी असल्याचं त्यांनी गल्लीत कोणाला सांगितलं नव्हतं, पण नवं पातळ नेसल्या होत्या.

काका पडद्यासमोर ताठ बसले. त्यांच्या शेजारी मी, भाईजान आपल्या लॅपटॉपवरून आपल्या तुकड्यात उभे, आणि पोलंडच्या बाई आवाजाने हजर. त्यांचा अंतराळवीर उत्तरेच्या हद्दीवर सारखा उड्या मारत होता, कारण थांबवायचं कसं ते त्यांना सापडत नव्हतं.

"मंधातलं मले दिसते," काका म्हणाले. "धुरे तुमी सांगा."

मी सांगायला लागले. लांबवर निळसर डोंगर आहेत काका, नदीवर उजेड पडलाय, हवेत थोडं धुकं...

"थांबा. मले आवडीन ते नोका सांगू. हाय ते सांगा."

मग मी होतं ते सांगितलं. गोटे होते. तपकिरी माती, ती सुद्धा जागोजागी एकसारखी, छापून चिकटवल्यासारखी. नदीत पाणी अजून सोडलेलं नव्हतं. आणि ईशान्य कोपऱ्यात जमीनच नव्हती, नुसतं काळं चौकोनी भोक होतं.

"कोपरा झाला नाई अजून?"

"नाही, काका."

"लिहा. काम अपूर्ण." त्यांचा आवाज जराही पडला नव्हता. तयार ग्रह कोणाला हवा होता! ते बाणांची बटणं दाबत चालू लागले, आणि मोजू लागले. उत्तर धुरा झाला. पोलंडच्या बाई टाळ्या वाजवत होत्या, उड्या मारतच. मग काका पश्चिमेच्या हद्दीकडे वळले. तिथे कंपनीने एक दिव्याची खुंटी ठोकली होती. भाईजाननी त्यांची शेड उभी केली होती, पत्र्याची, निळी. खुंटीपाशी काका थांबले.

"शेड कुठी हाय? बारा पावलं माह्या आंगाले असन पाहा."

मी पाहिलं. पुन्हा पाहिलं. "काका, शेड खुंटीच्या पलीकडे आहे. भाईजानच्या बाजूला."

"कंपनीनं खुंटी चुकवली," काका म्हणाले. "नदी चुकवली होती तशी. नकाशा आना माह्या."

रजिस्टरमधून मी तो छापील नकाशा काढला आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. "पश्चिमेकडून मोजा," ते म्हणाले. "मोठ्यानं."

मी पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं. "एक."

"एक कुठं? एक तं हे हाय," शेजारच्या चौकटीवर बोट ठेवत काका म्हणाले. " बोट कुठी हाय तुमचं?"

"पहिल्या चौकटीवर, काका. अगदी कडेला."

त्यांनी मान वळवली. हळूहळू, ओळ वाचताना फिरवत तशी वाटी पश्चिमेकडे नेली. माझं बोट त्यांना सापडलं. बोटाखालची चौकट सापडली. इतकी वर्षं तो नकाशा त्यांच्या टेबलावर होता आणि ती चौकट त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. दुसरीलाच पहिली धरून ते मोजत आले होते. भाईजानची चौथी त्यांच्या हिशेबात पाचवीवर पडत होती, आणि पाचवी काकांची.

काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाशी धरला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कोणावर ते कळत नव्हतं. भाईजान घाईघाईने म्हणाले, "जाऊ द्या साब, मी सरकवतो ना शेड. जागा काय कमी हाय? पूरा ग्रह खाली पडला हाय."

"काहून सरकवता?" काका एकदम साहेबाच्या आवाजात म्हणाले. "तुमची शेड तुमच्या वावरात हाय. मास्तरीनबाई, लिहा. पश्चिम हद्दीबाबत अर्जदाराची हरकत मोजणीअंती चुकीची आढळली. शेड कायम."

मी लिहिलं. पोलंडच्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं, साहेब हरले. त्यांना उड्या थांबवायचं बटण नेमकं तेव्हा सापडलं असावं, कारण त्यांचा अंतराळवीर स्तब्ध उभा राहिला.

काकांनी दक्षिण धुरा पूर्ण केला. मग बटणं दाबत तीन एकरांच्या मधोमध आले आणि तिथे थांबले. मधोमध उभं राहिल्यावर त्या वाटीत जे मावेल ते सगळं त्यांचं होतं. काकू आत आल्या, त्यांच्या खुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "बरं हाय वावर." त्यांनी आयुष्यात नवऱ्याच्या कुठल्याच खरेदीला बरं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

पंचनामा मी कागदावर पक्का केला. शेवटची ओळ ठरलेली असते : वरील मोजणी आम्ही समक्ष पाहिली. भाईजाननी सही केली. पोलंडच्या बाईंची पुढे टपालाने घ्यायची ठरली. मी पेन काकांच्या हातात दिलं आणि ती ओळ वाचून दाखवली.

"खोडा," काका म्हणाले.

"काय खोडू?"

"माह्या नावापुरतं खोडा. मी पाह्यली नाई. अर्धी पाह्यली, अर्धी तुमी सांगतली. खोटं लिहाचं नाई."

"मग काय लिहू?"

त्यांनी क्षणभरच विचार केला. "हजर होतो, लिहा."

मी लिहिलं. त्यांची सही लांबलचक होती, तीस वर्षं नकाशांवर केलेली, आणि आता ती कधी कधी कागद सोडून टेबलावर जायची. म्हणून मी कागदाच्या कडेला बोट धरलं. पेन सरसर आलं, माझ्या बोटाला टेकलं आणि थांबलं.

"धुरा आला काय?" काकांनी विचारलं.

"आला, काका," मी म्हटलं.